लघुग्रहांचे परिवलन आणि त्यांचा प्रकाश

१८०१ सालच्या जानेवारी महिन्याच्या पहिल्या रात्री सिसिली बेटावरील पालेर्मो येथील वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी या ज्योतिर्विदाला एक मंद तारा दिसला. कोणत्याही तारकासूचीत त्याची नोंद नव्हती आणि पुढच्या रात्री तो आपल्या जागेवरून थोडा सरकलेला आढळला. मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारा तो एक लहानसा पिंड होता. त्याला सेरेस हे नाव देण्यात आले. २००६ सालापासून त्याची गणना बटुग्रहांत होते. १८०२ साली पॅलास हा तशाच प्रकारचा दुसरा पिंड सापडला. त्या काळातील सर्वांत मोठ्या दुर्बिणी ज्याच्यापाशी होत्या त्या विल्यम हर्शेलने या दोघांचेही वेध घेतले. मंगळाची तांबूस तबकडी किंवा गुरूवरचे पट्टे त्या दुर्बिणींतून स्पष्ट दिसत. हे नवे पिंड मात्र ताऱ्यासारखे बिंदुमात्रच राहिले. म्हणून हर्शेलने त्यांना ‘ॲस्टरॉइड’, म्हणजे ‘ताऱ्यासारखा’, असे ग्रीक मुळाचे नाव दिले. मराठीत त्यांना लघुग्रह म्हणतात.

आज ज्ञात असलेल्या लघुग्रहांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. त्यांपैकी अगदी थोड्यांजवळ अंतराळयाने जाऊन आली आहेत. उरलेले बहुतेक सर्व लघुग्रह पृथ्वीवरील मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही अजून प्रकाशबिंदूच आहेत. असे असूनही हजारो लघुग्रहांचा परिवलनकाल, म्हणजे स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास लागणारा वेळ, खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. कित्येकांच्या अक्षाची दिशा आणि स्थूल आकृतीही ठाऊक आहे. मंगळाचे परिवलन त्याच्या पृष्ठभागावरील काळसर खुणा सरकताना पाहून सतराव्या शतकातच ओळखले गेले होते. पण ज्याच्यावर एकही खूण दिसत नाही तो बिंदू फिरतो आहे, आणि अमुक इतक्या वेळात फिरतो आहे, हे कशावरून ठरवावयाचे? याचे उत्तर त्या बिंदूच्या तेजस्वितेत पडणाऱ्या फरकात आहे.

एरॉसचे कोडे

१३ ऑगस्ट १८९८ रोजी बर्लिन येथे गुस्ताफ विट या ज्योतिर्विदाला एक लघुग्रह सापडला. त्याची कक्षा इतरांहून निराळी होती. मंगळाची कक्षा ओलांडून तो आत येई आणि अधूनमधून पृथ्वीच्या बराच जवळ येऊन पोचे. त्याचे नाव एरॉस. १९०१ च्या आरंभी तो अनुकूल स्थानी असताना ऑस्ट्रियन ज्योतिर्विद एगोन फोन ओपोल्झर याला त्याची तेजस्विता स्थिर नसल्याचे आढळून आले. काही तासांच्या अवधीत एरॉस ठळक होई, पुन्हा मंद होई, पुन्हा ठळक होई. हा फरक इतका मोठा होता की तो निरीक्षणातील चुकीमुळे भासत असेल असे मानणे शक्य नव्हते.

कोडे इतक्यावरच संपले नाही. पुढील काही महिन्यांत हा चढउतार कमी कमी होत जाऊन जवळजवळ नाहीसा झाला. जो पिंड हिवाळ्यात इतक्या जोराने लुकलुकत होता तोच उन्हाळ्यात शांत का व्हावा? काहींनी असे सुचवले की एरॉस हा एकच पिंड नसून परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन पिंडांची जोडी असावी आणि ते एकमेकांना झाकत असावेत. काहींच्या मते तो एकच पण लांबट पिंड होता. काहींना त्याच्या पृष्ठभागावर काळे-पांढरे भाग असावेत असे वाटले. निरीक्षणाचा विषय एक प्रकाशबिंदू आणि त्याची तीन स्पष्टीकरणे, अशी ही स्थिती होती. यांतील खरे कोणते हे ठरवण्याच्या प्रयत्नांतूनच लघुग्रहांच्या परिवलनाचे शास्त्र उभे राहिले.

दोरीला टांगलेला वरवंटा

लांबट पिंडाचे स्पष्टीकरण समजून घेण्यासाठी एक सोपी कल्पना करता येईल. एका काळोख्या खोलीत वरवंट्याच्या मध्याला दोरी बांधून तो आडवा टांगला आहे आणि सावकाश फिरवला आहे. पाहणाऱ्याच्या पाठीमागून त्यावर प्रकाश पडतो आहे. वरवंट्याची लांब बाजू समोर येते तेव्हा प्रकाश परतवणारे क्षेत्र मोठे असते. त्याचे टोक समोर येते तेव्हा ते लहान होते. एका पूर्ण फेरीत लांब बाजू दोनदा समोर येते आणि टोकही दोनदा समोर येते. पाहणारा इतका दूर असला की वरवंट्याचा आकार न दिसता त्याला केवळ एक उजेडाचा ठिपका दिसावा, तरी तो ठिपका एका फेरीत दोनदा ठळक आणि दोनदा मंद होताना दिसेल.

तेजस्वितेतील हा बदल वेळेनुसार आलेखावर मांडला की जी रेषा मिळते तिला प्रकाशवक्र म्हणतात. बहुसंख्य लघुग्रहांच्या प्रकाशवक्रात अशी दोन शिखरे व दोन दऱ्या असतात. त्या सहसा अगदी सारख्या नसतात, कारण निसर्गातील दगड घडीव नसतो. एक बाजू अधिक फुगीर, एक टोक अधिक निमुळते असते. हा थोडासा असारखेपणा पुढे फार उपयोगी पडतो.

याच उपमेतून एरॉसच्या शांत होण्याचाही उलगडा होतो. तोच वरवंटा तोच माणूस छतावरून, म्हणजे दोरीच्या दिशेने खाली पाहू लागला, तर वरवंटा फिरत असूनही त्याची पूर्ण लांबी सतत दृष्टीस पडेल आणि तेजस्वितेत फरक दिसणार नाही. दोरी म्हणजे परिवलनाचा अक्ष. अक्षाच्या रोखाने पाहिले असता चढउतार नाहीसा होतो; अक्षाच्या काटकोनात पाहिले असता तो सर्वांत अधिक असतो. १९०१ साली एरॉस व पृथ्वी आपापल्या कक्षांत पुढे सरकत होत्या आणि पाहण्याची दिशा बदलत बदलत एरॉसच्या अक्षाच्या रोखाकडे येत चालली होती. एरॉसचा अक्ष त्याच्या कक्षेच्या पातळीत जवळजवळ आडवा पडलेला आहे, हे पुढे निश्चित झाले.

मापनाची साधने

तेजस्विता मोजण्याचे एकक म्हणजे ‘प्रत’. या मापनपद्धतीला निश्चित गणिती रूप देणाऱ्या नॉर्मन पॉगसनचा भारताशी निकटचा संबंध आहे. डोळ्यांनी ठरवलेल्या ताऱ्यांच्या प्रती प्राचीन काळापासून वापरात होत्या. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत नेमका शंभर पटींचा फरक, असा नियम पॉगसनने १८५६ साली इंग्लंडमध्ये असताना मांडला. १८६१ साली तो मद्रास वेधशाळेत आला आणि १८९१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. १७ एप्रिल १८६१ रोजी त्याने मद्रासहून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच लघुग्रह. म्हणून त्याचे नाव एशिया असे ठेवण्यात आले. १८६६ साली त्याने तेथूनच शोधलेला सिल्व्हिया हा लघुग्रह सुमारे ५ तास ११ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, हे आज त्याच्याच मापनपद्धतीने मांडलेल्या प्रकाशवक्रांवरून ठाऊक झाले आहे. एरॉसच्या तेजस्वितेतील फरक अनुकूल परिस्थितीत दीड प्रतीपर्यंत जातो. पॉगसनच्या नियमाने याचा अर्थ असा की एरॉस आपल्या मंद स्थितीपेक्षा ठळक स्थितीत जवळजवळ चौपट तेजस्वी असतो.

मात्र एरॉससारखे लघुग्रह थोडे. अनेकांच्या बाबतीत हा फरक प्रतीच्या दहाव्या किंवा विसाव्या हिश्शाइतकाच असतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रकाशविद्युत प्रकाशमापक वापरात आले, तेव्हा या कामाला खरी अचूकता आली. जेरार्ड कायपर व त्याचे सहकारी यांनी अमेरिकेत या साधनाने लघुग्रहांचे पद्धतशीर वेध घेण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकापासून प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनिक चकती, म्हणजे सीसीडी, प्रचारात आली. तिच्यामुळे एकाच चित्रात लघुग्रह व त्याच्या शेजारचे स्थिर तारे यांची तेजस्विता एकदम मोजता येऊ लागली. हवेतील धूलिकण किंवा विरळ ढग यांमुळे प्रकाश कमी झाला, तर तो लघुग्रहाचा व ताऱ्यांचा सारखाच कमी होतो; दोघांची तुलना केली असता हा दोष बहुतांशी निघून जातो. हव्याशी निरीक्षकांच्या लहान दुर्बिणींनाही यामुळे हे काम साधू लागले. आज उपलब्ध असलेल्या परिवलनकालांपैकी फार मोठा वाटा अशा हव्याशी निरीक्षकांचा आहे.

मोजलेली तेजस्विता जशीच्या तशी वापरता येत नाही. लघुग्रह सूर्यापासून व पृथ्वीपासून किती दूर आहे यावर ती अवलंबून असते, म्हणून सर्व मापने एकाच प्रमाणित अंतरावर आणून मांडतात. सूर्य, लघुग्रह व पृथ्वी यांच्यामधील कोन बदलला की चंद्राच्या कलांप्रमाणे लघुग्रहाचा उजळलेला भाग कमीअधिक होतो. तीही दुरुस्ती करावी लागते. सूर्य व पृथ्वी यांच्यामधील अंतर तोडण्यास प्रकाशाला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. त्याच्या दुप्पट अंतरावर असलेल्या लघुग्रहाचे शिखर पृथ्वीवर दिसते, तेव्हा ते प्रत्यक्षात पावणेसतरा मिनिटांपूर्वीच होऊन गेलेले असते. हे अंतर दिवसागणिक बदलत असल्यामुळे वेळेचा हा हिशेबही ठेवावा लागतो.

रात्रींचा हिशेब

एरॉस ५ तास १६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. हिवाळ्यातील एका लांब रात्रीत त्याची संपूर्ण फेरी पाहता येते. पण सर्वच लघुग्रह निरीक्षकाच्या सोयीने फिरत नाहीत. पॉगसनच्या एशियाचेच उदाहरण घेता येईल. त्याचा परिवलनकाल १६ तासांहून किंचित कमी आहे. एका वेधशाळेतून रात्री आठ तास निरीक्षण केले, तर त्याची अर्धीच फेरी दिसेल. दुसऱ्या रात्री त्याच वेळी दुर्बीण लावली, तर दरम्यानच्या चोवीस तासांत त्याच्या सुमारे दीड फेऱ्या झालेल्या असतील, म्हणून त्या रात्री उरलेली अर्धी फेरी दिसेल. तिसऱ्या रात्री पुन्हा पहिली अर्धी. आता दोन्ही अर्ध्या फेऱ्यांची शिखरे एकमेकांसारखी असली, तर प्रत्येक रात्री तोच आलेख दिसल्याचा भास होईल आणि परिवलनकाल ८ तास आहे, १२ तास आहे की २४ तास आहे, असा संभ्रम पडेल.

या फसगतीचे मूळ लघुग्रहात नाही. ते पृथ्वीवरच्या दिवसरात्रीत आहे. मधल्या दिवसात काय झाले हे दिसत नाही आणि न दिसलेल्या काळात किती फेऱ्या झाल्या हे अंदाजानेच धरावे लागते. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे निरनिराळ्या रेखांशांवरील वेधशाळांनी सहकार्य करणे: जपानमध्ये पहाट झाली की युरोपात आणि युरोपात पहाट झाली की अमेरिकेत निरीक्षण पुढे चालू ठेवावयाचे. दुसरा उपाय चिकाटीचा. अनेक रात्रींची मापने जमवून ती निरनिराळ्या संभाव्य काळांनुसार घडी घालून एकावर एक ठेवतात. काळ चुकीचा धरला तर बिंदू विस्कळीत पसरतात. बरोबर धरला तर ते सर्व एका सुबक वक्रावर येऊन बसतात. शिखरांमधील तो थोडासा असारखेपणा येथे उपयोगी पडतो, कारण त्यामुळे पहिली अर्धी फेरी कोणती आणि दुसरी कोणती हे ओळखता येते.

आकार की डाग

परिवलनकाल मिळाला तरी एक मूलभूत शंका उरते. प्रकाश कमीअधिक होतो तो पिंड लांबट असल्यामुळे, की त्याची एक बाजू काळी व दुसरी उजळ असल्यामुळे? ही शंका निराधार नव्हती. १६७१ साली जोव्हान्नी दोमेनिको कासिनी याने शनीचा आयापिटस हा उपग्रह शोधला, तेव्हा तो शनीच्या पश्चिमेस असतानाच दिसे आणि पूर्वेस गेला की दिसेनासा होई. त्याचा एक गोलार्ध दुसऱ्यापेक्षा फार काळा असला पाहिजे असे कासिनीने अनुमान केले आणि पुढे ते खरे ठरले.

१९०६ साली हेन्री नॉरिस रसेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने या प्रश्नाचा गणिती विचार केला आणि त्याचा निष्कर्ष निराश करणारा होता. लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत, असताना घेतलेले प्रकाशवक्र कितीही अचूक असले, तरी त्यांवरून त्याचा आकार निश्चित करता येत नाही. लांबट पिंडाचा जो प्रकाशवक्र येतो तसाच प्रकाशवक्र, गोल पिंडावर काळ्या-पांढऱ्या डागांची योग्य मांडणी कल्पून, मिळवता येतो. एका रेषेवर उतरलेल्या माहितीतून त्रिमितीय पिंड उभा करताना बरीचशी माहिती वाटेतच हरवलेली असते. रसेलच्या या निष्कर्षाचा दबदबा इतका होता की पुढची कित्येक वर्षे लघुग्रहाचा आकार प्रकाशावरून काढण्याच्या भरीस फारसे कोणी पडले नाही.

ही शंका व्यवहारातही किती अडचणीची असते हे व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाने दाखवून दिले. त्याचा प्रकाशवक्र ५ तास २० मिनिटांनी स्वतःची पुनरावृत्ती करतो आणि तेवढ्या वेळात त्यात एकच शिखर येते. व्हेस्टा लांबट असेल तर एका फेरीत दोन शिखरे यावयास हवीत, म्हणजे त्याचा खरा परिवलनकाल दुप्पट, १० तास ४० मिनिटे, असावा. तो बव्हंशी गोल पण डागाळलेला असेल, तर ५ तास २० मिनिटे हाच खरा. हा वाद दीर्घकाळ चालला. अखेर दुसरा पर्याय खरा ठरला: व्हेस्टाचा एक गोलार्ध दुसऱ्याहून उजळ आहे. २०११ साली ‘डॉन’ हे यान व्हेस्टाजवळ पोचले, तेव्हा हे उजळ व काळसर प्रदेश जवळून दिसले.

आकार व डाग यांत भेद करण्याची एक युक्ती उष्णतेची आहे. काळा पृष्ठभाग प्रकाश कमी परतवतो पण अधिक तापतो. तेव्हा चढउतार डागांमुळे असेल, तर दृश्य प्रकाश कमी होताना अवरक्त किरणांतील उष्णता वाढावयास हवी. चढउतार आकारामुळे असेल, तर दोन्ही एकदमच वाढतील व एकदमच घटतील. अशी मापने झाल्यावर असे आढळून आले की बहुसंख्य लहान लघुग्रहांच्या बाबतीत कारण आकार हेच आहे आणि व्हेस्टा हा अपवादांपैकी एक आहे.

अक्षाची दिशा आणि आकृती

एरॉसच्या आकाराचे प्रत्यक्ष प्रमाण त्याआधीच, अनपेक्षितपणे, मिळाले होते. १९३१ साली तो पृथ्वीपासून सुमारे २.६ कोटी कि.मी. अंतरावर आला असताना जोहान्सबर्ग येथील वेधशाळेत व्हॅन डेन बॉस व फिन्सेन यांना मोठ्या दुर्बिणीतून तो बिंदूऐवजी लांबट दिसला. इतकेच नव्हे, तर त्याची लांबी सावकाश दिशा बदलत असलेलीही त्यांनी पाहिली. पण असे भाग्य क्वचितच लाभते. इतर लघुग्रहांच्या बाबतीत वर्षानुवर्षांचे प्रकाशवक्र जमवणे हाच मार्ग होता.

लघुग्रह दर प्रतियुतीत आकाशाच्या वेगळ्या भागात असतो, म्हणून त्याच्याकडे पाहण्याची दिशाही वेगळी असते. कोणत्या वर्षी चढउतार मोठा होता व कोणत्या वर्षी लहान, यावरून अक्ष कोणत्या दिशेस रोखलेला आहे हे काढता येते. परिवलन कोणत्या बाजूस होते हे वेळेच्या सूक्ष्म फरकावरून कळते. पाहण्याची दिशा ज्या बाजूस वळत असते त्याच बाजूस पिंड फिरत असेल, तर तीच बाजू पुन्हा समोर येण्यास किंचित अधिक वेळ लागतो. विरुद्ध बाजूस फिरत असेल तर किंचित कमी. पृथ्वीवरही सूर्याच्या हिशेबाचा दिवस ताऱ्यांच्या हिशेबाच्या दिवसापेक्षा जवळजवळ चार मिनिटांनी मोठा असतो, त्याचे कारण याच प्रकारचे आहे. लघुग्रहाच्या बाबतीत हा फरक एका फेरीत सेकंदांचा असतो, पण शेकडो फेऱ्यांत तो साठत जातो आणि मोजता येतो.

जानेवारी १९७५ मध्ये एरॉस पृथ्वीपासून सुमारे २.३ कोटी कि.मी. अंतरावरून गेला, तेव्हा अनेक देशांतील वेधशाळांनी त्याचे वेध घेतले. त्यावरून त्याच्या अक्षाची दिशा ठरवण्यात आली आणि त्याची लांबी ३५ कि.मी.च्या आसपास असावी, असा निष्कर्ष निघाला. १४ फेब्रुवारी २००० रोजी ‘निअर शूमेकर’ हे यान एरॉसभोवतीच्या कक्षेत गेले. त्याला आढळलेली एरॉसची लांबी सुमारे ३४ कि.मी. आणि रुंदी सुमारे ११ कि.मी. होती. अक्षाची दिशाही आधीच्या अनुमानाशी थोड्याच अंशांच्या फरकाने जुळली. पंचवीस वर्षांपूर्वी केवळ एका बिंदूच्या प्रकाशावरून केलेले गणित खरे ठरले होते.

रसेलने दाखवलेल्या अडचणीतून सुटण्याचा मार्ग त्याच्याच अटीत दडलेला होता. त्याचा निष्कर्ष प्रतियुतीपुरता खरा होता. प्रकाश एका बाजूने पडत असेल, तर पृष्ठभागाच्या उंचसखल भागांनुसार प्रकाश व छाया यांची विभागणी बदलते आणि प्रकाशवक्रात आकाराविषयीची अधिक माहिती उतरते. फिनलंडचा गणितज्ञ मिक्को कासालाइनेन व त्याचे सहकारी यांनी २००१ साली अशा निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या प्रकाशवक्रांवरून परिवलनकाल, अक्ष व आकृती ही तिन्ही एकदम काढण्याची पद्धत सिद्ध केली. या पद्धतीलाही मर्यादा आहे. ती देते ती बहिर्वक्र आकृती. लघुग्रहावर मोठा खड्डा किंवा खोलगट भाग असेल, तर त्याच्या जागी सपाट पृष्ठ दिसते. जणू खाचाखोचांच्या दगडाभोवती कापड घट्ट ताणून बसवावे. शिवाय लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीलगत असेल, तर अक्षाच्या दोन निरनिराळ्या दिशा सारख्याच संभाव्य ठरतात आणि त्यांतील एक निवडण्यासाठी अन्य प्रमाण शोधावे लागते.

परिवलन काय सांगते

हजारो परिवलनकाल एकत्र मांडल्यावर एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडली. काही लघुग्रह फार मंद आहेत. १९९७ साली ज्याच्याजवळून यान गेले त्या मॅथिल्डेला एका फेरीस १७ दिवसांहून अधिक काळ लागतो. पण वेगाच्या बाजूस मात्र जणू कुंपण घातलेले आहे. काहीशे मीटरपेक्षा मोठे लघुग्रह जवळजवळ कधीच सुमारे २.२ तासांपेक्षा कमी वेळात फिरत नाहीत.

याचे कारण गुरुत्वाकर्षणात आहे. फिरत्या पिंडाच्या विषुववृत्तावरील सुटा दगड बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि पिंडाचे गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवते. दगडाची घनता पाण्याच्या दुपटीहून थोडी अधिक धरली, तर हे दोन्ही प्रभाव सुमारे २.२ तासांच्या परिवलनकालास समसमान होतात, मग पिंड लहान असो वा मोठा. याहून वेगाने फिरणारा पिंड अखंड खडक असेल तरच टिकेल. मोठ्या लघुग्रहांपैकी जवळजवळ कोणीही ही मर्यादा ओलांडत नाही, त्यावरून ते अखंड खडक नसून केवळ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेल्या दगडधोंड्यांच्या राशी असावेत, असे अनुमान निघते. २००५ साली जपानच्या ‘हायाबुसा’ यानाने इतोकावा या लघुग्रहाची छायाचित्रे घेतली, तेव्हा अशीच एक राशी दिसली. याउलट फार लहान लघुग्रहांत ही मर्यादा ओलांडणारे पुष्कळ आहेत. २००० साली सापडलेला एक लहान लघुग्रह सुमारे १२ मिनिटांत एक फेरी घेतो. त्याच्या वेधांवरून २००७ साली असेही दाखवण्यात आले की त्याचा परिवलनकाल दर वर्षी सुमारे एक सहस्रांश सेकंदाने घटत आहे. ओबडधोबड पृष्ठभागावर पडून परत जाणारी सूर्याची उष्णता त्याला अत्यंत सूक्ष्म धक्का देत राहते. ‘यॉर्प’ या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम आधी गणिताने वर्तवला गेला होता. प्रकाशवक्रांनी तो प्रत्यक्ष दाखवला.

डिमॉर्फॉसची कसोटी

या सर्व पद्धतीची सर्वांत कठीण कसोटी २०२२ साली लागली. डिडिमॉस हा सुमारे पाऊण किलोमीटर व्यासाचा लघुग्रह २.२६ तासांत स्वतःभोवती फिरतो. २००३ साली चेक खगोलशास्त्रज्ञ पेत्र प्रावेक व त्याचे सहकारी यांना त्याच्या प्रकाशवक्रात या नेहमीच्या चढउताराशिवाय आणखी लहान लहान घसरणी आढळल्या. त्या ठराविक काळाने येत. डिडिमॉसभोवती एक उपग्रह फिरत होता आणि दोघे एकमेकांना आळीपाळीने झाकत होते. एरॉसविषयी शतकापूर्वी जी चुकीची कल्पना केली गेली होती ती येथे खरी निघाली. सुमारे दीडशे मीटर व्यासाच्या या उपग्रहास पुढे डिमॉर्फॉस हे नाव मिळाले. तो ११ तास ५५ मिनिटांत डिडिमॉसभोवती एक प्रदक्षिणा करी.

पृथ्वीच्या रोखाने येणारा एखादा लघुग्रह धडक देऊन बाजूस सारता येईल काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने ‘डार्ट’ नावाचे यान डिमॉर्फॉसकडे पाठवले. या जोडीपासून पृथ्वीला कोणताही धोका नव्हता. म्हणूनच ती प्रयोगासाठी निवडली होती. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, भारतात २७ तारखेची पहाट असताना, सुमारे ५८० किलोग्रॅम वजनाचे ते यान सेकंदाला ६ कि.मी.हून अधिक वेगाने डिमॉर्फॉसवर आदळले. यान त्यातच नष्ट झाले. आता धडकेचा परिणाम झाला की नाही हे सांगावयाचे होते पृथ्वीवरील दुर्बिणींनी, आणि पृथ्वीपासून सुमारे १.१ कोटी कि.मी. अंतरावरची ती जोडी त्यांना एकाच बिंदूसारखी दिसत होती.

परिणाम मोजण्याची रीत मात्र साधी होती. धडकेपूर्वी अनेक वर्षे घेतलेल्या वेधांवरून, डिमॉर्फॉसला काहीच झाले नसते तर प्रत्येक ग्रहण केव्हा लागले असते, हे नेमके ठाऊक होते. प्रदक्षिणाकालात निदान ७३ सेकंदांचा फरक पडला तर प्रयोग यशस्वी, असे आधी ठरले होते. धडकेने उडालेल्या धुळीमुळे जोडी काही काळ अधिक तेजस्वी झाली होती. त्या वाढीव प्रकाशातून आणि डिडिमॉसच्या स्वतःच्या परिवलनाच्या चढउतारातून ग्रहणांच्या लहानशा घसरणी वेगळ्या काढाव्या लागल्या. ग्रहणे ठरल्या वेळेपूर्वीच लागत होती आणि दर प्रदक्षिणेगणिक अधिकाधिक आधी लागत होती. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झालेला निष्कर्ष असा होता की प्रदक्षिणाकाल ११ तास २३ मिनिटांवर आला आहे, म्हणजे ३२ मिनिटांनी कमी झाला आहे; पुढील विश्लेषणात हा फरक ३३ मिनिटांचा ठरला. रडारच्या वेधांनीही त्यास पुष्टी दिली. एखाद्या खगोलीय पिंडाची गती मानवाने हेतुपूर्वक व मोजता येईल इतकी बदलल्याचे हे पहिले उदाहरण.

सर्वच लघुग्रह एका स्थिर अक्षाभोवती नीटपणे फिरत नाहीत. काही पिंड नीट न फेकलेल्या भोवऱ्यासारखे डुलत व कोलांट्या खात जातात आणि त्यांचा प्रकाशवक्र एकाच काळाने स्वतःची तंतोतंत पुनरावृत्ती करीत नाही. त्यात दोन निरनिराळे काळ मिसळलेले असतात. २००४ साली सापडलेला अपोफिस हा अशांपैकीच एक असल्याचे त्याच्या प्रकाशवक्रांवरून दिसून आले आहे. साडेतीनशे मीटरच्या आसपास व्यास असलेला हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार कि.मी. अंतरावरून जाईल. त्याची पृथ्वीशी टक्कर होणार नाही, हे निश्चित झालेले आहे. पण इतक्या जवळून जाताना पृथ्वीचे आकर्षण त्याच्या जवळच्या व दूरच्या टोकांवर सारखे असणार नाही आणि त्याच्या डुलण्यात त्यामुळे फरक पडेल अशी अपेक्षा आहे. तो फरक किती पडतो यावरून त्याच्या अंतरंगात वस्तुमान कसे विभागलेले आहे याचा अंदाज येईल. त्यासाठी त्या रात्रीपूर्वीचे आणि त्या रात्रीनंतरचे प्रकाशवक्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतील आणि ‘पूर्वीचे’ प्रकाशवक्र जमवण्यासाठी १३ एप्रिल २०२९ पर्यंतचाच अवधी हाती आहे.